डॉलरचा भाव आणि आपली ठेव

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या कार्यक्रमात सोसायटीच्या हॉलमध्ये दिलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीटनेटके केले आहे. बोलण्यातली वळणे मात्र तशीच ठेवली आहेत.)



मला चिठ्ठीवर विषय लिहून दिला तो असा : ‘ऑनलाइन करन्सी ट्रेडिंगसाठी चांगला प्लॅटफॉर्म कसा निवडावा.’ विषय आपल्या तरुण मंडळींनी सुचवला आहे आणि तो उगीच सुचवलेला नाही. आपल्या सोसायटीत निदान पाच-सहा घरांत असलं ॲप मोबाईलवर आहे, हे मला ठाऊक आहे. कुणाच्या, ते सांगणार नाही. मी बँकेत चौतीस वर्षे काढली, त्यांतली शेवटची बरीचशी परकीय चलनाच्या विभागात. त्यामुळे लोक लिफ्टमध्ये गाठून हळूच विचारतात, “काका, ते फॉरेक्स कसं असतं हो?” त्या सगळ्यांना आज एकदमच उत्तर देतो.

आधी शब्द बघू. हे शब्द इंग्रजी असतात म्हणून माणूस दबतो. समोरचा पंचविशीतला पोरगा पिप, लॉट, लिव्हरेज असं फाडफाड बोलतो आणि आपल्याला वाटतं, याला सगळं कळतंय, आपण अडाणी. प्रत्यक्षात त्यात गुजरीतल्या आणि मार्केट यार्डातल्या व्यवहारापलीकडचं फारसं काही नाही.

गुजरीत सकाळी सोनं घ्यायला गेलात तर एक भाव, तेच संध्याकाळी मोडायला नेलंत तर दुसरा भाव. मधला फरक सराफाचा. चलनात यालाच स्प्रेड म्हणतात. तुम्हाला विकतात तो भाव ‘आस्क’, तुमच्याकडून घेतात तो ‘बिड’. म्हणजे सौदा केला त्या क्षणी तुम्ही तेवढ्यानं खाली असता. ‘झिरो कमिशन’ अशी जाहिरात दिसली तर कमिशन स्प्रेडमध्ये मुरवलेलं आहे असं समजा. फुकट दुकान कुणी चालवत नाही.

चलन नेहमी जोडीनं बोलतात. डॉलर 88 रुपये म्हटलं की डॉलर हा माल आणि रुपया ही त्याची किंमत. (बोलायला सोपं म्हणून 88 धरतो, रोजचा भाव पेपरात बघा.) परदेशी ॲपवर जास्त करून युरो-डॉलरची जोडी दाखवतात. तिचा भाव १.१६०० असा चार दशांश घरांपर्यंत सांगतात, आणि शेवटच्या घरातला एकचा फरक म्हणजे एक पिप. लॉट म्हणजे ठोक मालाचं माप. यार्डात गूळ रव्यांवर मोजतात, तसं इथं लॉटवर. पूर्ण लॉट १ लाख युनिटचा असतो. म्हणजे युरो-डॉलरचा एक लॉट घेतलात आणि भाव एक पिप हलला, की १० डॉलर इकडे नाहीतर तिकडे. आपल्या ८८ च्या भावानं ८८० रुपये, डोळ्याची पापणी लवायच्या आत.

आता तुम्ही म्हणाल, १ लाख युरो आमच्याकडे कुठले? बरोबर. म्हणून लिव्हरेज. इथं जरा थांबू, कारण माणसं बुडतात ती इथं.

घरकर्ज सगळ्यांनी घेतलंय. आम्ही साधारण २० टक्के रक्कम तुमची घ्यायचो आणि ८० टक्के बँकेची घालायचो. त्या २० टक्क्यांना मार्जिन म्हणायचं. तुमच्या एका रुपयावर पाच रुपयांचं घर उभं राहिलं, म्हणजे लिव्हरेज एकास पाच. पण घराची किंमत एका रात्रीत पडत नाही, आणि पडली तरी दुसऱ्या दिवशी सकाळी बँक तुमचं घर विकायला येत नाही. हप्ता भरता ना, मग राहा.

या ॲपवर एकास पाचशे मिळतं. अभिमानानं लिहिलेलं असतं. तुमचे १० हजार, त्यावर सौदा ५० लाखांचा. आता ५० लाखांचा ०.२ टक्का किती? १० हजार. म्हणजे भाव ०.२ टक्का उलटा गेला की तुमची सगळी रक्कम संपली आणि सौदा आपोआप तोडला गेला. युरो-डॉलर एका दिवसात अर्धा टक्का हलला तर त्यात कुणाला नवल वाटत नाही. सकाळी सौदा करून तुम्ही रंकाळ्यावर फिरायला गेलात, तर परत येईपर्यंत खातं रिकामं झालेलं असू शकतं, आणि संध्याकाळी भाव पुन्हा तुमच्या बाजूला आलेला असू शकतो. तुमचा अंदाज बरोबर होता, पण तुम्ही त्यात नव्हता. रक्कम संपत आली की जादा पैसे भरा असा निरोप येतो, तो मार्जिन कॉल. इतक्या तोट्यावर सौदा आपोआप तोडा असं आधी सांगून ठेवणं म्हणजे स्टॉप लॉस. सौदा रात्रभर ठेवला तर व्याजाच्या फरकाचा आकार लागतो, तो स्वॅप. एवढे शब्द कळले की त्या पोराइतकंच तुम्हालाही कळतं.

युरोपात २०१८ साली तिथल्या बाजार नियामकानं सामान्य गिऱ्हाइकाला मुख्य जोड्यांवर एकास तीसपेक्षा जास्त लिव्हरेज द्यायचं नाही असा नियम केला. कारण देताना सांगितलं, की अशा सौद्यांत किरकोळ गिऱ्हाइकांची ७४ ते ८९ टक्के खाती तोट्यात जातात. आपल्या सेबीनं २०२४ मध्ये शेअर बाजारातल्या फ्यूचर्स-ऑप्शन्सचा अभ्यास जाहीर केला. तीन वर्षांत १०० पैकी ९३ जण तोट्यात, आणि सगळ्यांचा मिळून तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. तो तर नियमात चाललेला, परवानाधारक बाजार. डेमो खात्यावर सगळे जिंकतात म्हणा. खोट्या पैशाला हात थरथरत नाही.

आता प्लॅटफॉर्म निवडण्याकडे येतो.

आपली सोसायटी नोंदवली २००० साली, आणि फेमा म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायदा अमलात आला तोही १ जून २००० पासून. त्याआधीचा फेरा कायदा फार कडक होता. आम्ही त्यात उमेदवारी केली. परदेशी जाणाऱ्याला मोजून डॉलर मिळायचे आणि पासपोर्टवर शिक्का बसायचा. आजच्या मुलांना ती गोष्ट सांगितली तर हसतात. फेमानं बरंच मोकळं केलं. २००४ मध्ये माणशी २५ हजार डॉलर बाहेर पाठवायची सोय झाली, आज ती मर्यादा वर्षाला अडीच लाख डॉलर आहे. शिक्षण, प्रवास, औषधपाणी, नातेवाइकांना मदत, परदेशात शेअर घेणं, सगळं त्यात बसतं. पण परदेशी ॲपवर चलनाच्या सट्ट्यासाठी मार्जिन पाठवणं बसत नाही. रिझर्व्ह बँकेनं हे स्पष्ट शब्दांत सांगितलेलं आहे. परकीय चलनाचा व्यवहार अधिकृत बँकेशी किंवा अधिकृत व्यापाऱ्याशीच करायचा, आणि ऑनलाइन करायचा तर रिझर्व्ह बँकेनं परवानगी दिलेल्या प्लॅटफॉर्मवर किंवा मान्यताप्राप्त शेअर बाजारावर. नियम मोडला तर दंड रकमेच्या तिपटीपर्यंत होऊ शकतो, आणि तो ॲपवाल्याला नव्हे, पैसे पाठवणाऱ्या तुम्हाला.

“मग एनएसईवर करू की,” असं एकानं मला विचारलं. एनएसईवर डॉलर-रुपयाचे वायदे ऑगस्ट २००८ मध्ये सुरू झाले, १ हजार डॉलरचा लॉट. बरीच वर्षं ते सगळ्यांना खुले असल्यासारखेच वापरले गेले. पण जानेवारी २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेनं परिपत्रक काढलं आणि ३ मे २०२४ पासून ते लागू केलं : रुपयाच्या जोडीत सौदा करायचा तर तुमच्या मागे परकीय चलनाचा खरा करार हवा. दहा कोटी डॉलरपर्यंत कागद दाखवावे लागत नाहीत, पण करार असलाच पाहिजे. त्यानंतर किरकोळ सट्टेवाले बाहेर पडले आणि उलाढाल धाडकन खाली आली.

म्हणजे चिठ्ठीतल्या प्रश्नाचं उत्तर असं निघतं : ज्याला डॉलर घ्यायचा नाही, डॉलर येणार नाही, रुपयाच्या जोडीत फक्त भावावर पैसे लावायचे आहेत, त्याच्यासाठी भारतात चांगला प्लॅटफॉर्म नाही आणि वाईटही नाही. कायद्यानं प्लॅटफॉर्मच नाही. मागच्या रांगेतल्या मंडळींचा हिरमोड झाला असेल, पण मी तरी काय करू!

रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२२ मध्ये अनधिकृत प्लॅटफॉर्मची सावधान-यादी काढली. तेव्हा ३४ नावं होती, २०२४ अखेर ती ८८ झाली. यादीत नाव नाही म्हणजे प्लॅटफॉर्म अधिकृत, असा अर्थ काढायचा नाही, हे त्या यादीतच म्हटलंय. ॲपचं नाव बदलायला एक दिवस पुरतो, यादी मागून येते. पहिल्या यादीत ऑक्टाएफएक्स हे नाव होतं. हीच कंपनी आयपीएलमध्ये दिल्लीच्या संघाची भागीदार म्हणून झळकत होती. पुढे पुण्याच्या शिवाजीनगर पोलीस ठाण्यातल्या गुन्ह्यावरून ईडीनं तिची चौकशी सुरू केली. क्रिकेटपटूंच्या शेजारी नाव दिसलं म्हणजे परवाना आहे, असं धरून चालू नका.

दुसरा फसवा दिलासा म्हणजे ‘आमच्याकडे मेटाट्रेडर आहे’. मेटाट्रेडर हे खरं आणि जगभर वापरलं जाणारं सॉफ्टवेअर आहे. पण टॅली सचोटीचा दुकानदारही वापरतो आणि दोन वह्या ठेवणाराही वापरतो. तिसरा म्हणजे ‘आम्ही सेंट व्हिन्सेंटमध्ये नोंदणीकृत आहोत’. ते कॅरिबियनमधलं एक छोटं बेट-राष्ट्र. तिथली वित्तीय यंत्रणा कंपनीची नोंदणी करून घेते, फॉरेक्सच्या धंद्याला परवाना देतच नाही. आणि बऱ्याच ॲपवर तुमच्यासमोर बाजार नसतोच, ॲपवालीच कंपनी बसलेली असते. तुमचा तोटा तोच तिचा नफा. अशा वेळी ती तुम्हाला शिकवायला एवढी उत्सुक का, याचा विचार करा.

आता सी विंगमधल्या एका ताईंची गोष्ट, त्यांनी स्वतः ‘सांगा’ म्हटल्यामुळे सांगतो. निवृत्त शिक्षिका आहेत. ओळखीतल्या मुलानं त्यांना एका व्हॉट्सॲप ग्रुपवर घेतलं. त्यांनी तीन हप्त्यांत ८० हजार भरले. ॲपवर ते १ लाख ९४ हजार दिसू लागले. खात्री पटावी म्हणून ५ हजार काढून बघितले, तर ते आलेही. मग ‘मोठी संधी’ म्हणून ६ लाख मागितले, आणि ताई ठेव मोडायला बँकेत गेल्या. काउंटरवरच्या मुलीनं कारण विचारलं, ताईंना तिचा राग आला, आणि त्या तावातावानं माझ्याकडे आल्या.

मी ॲप बघितलंच नाही. मला त्यातलं काय कळणार? मी पासबुक मागितलं. बँकवाल्याला तेवढंच वाचता येतं. तीन वेळा पैसे गेले होते तीन वेगळ्या नावांवर : एक कुठलीशी ट्रेडर्स, एक मोबाईल शॉपी, आणि एक कुणी माणूस, तोही दुसऱ्या राज्यातला. ताईंना विचारलं, तुम्ही कंपनीला पैसे दिले ना, मग कंपनीचं नाव या पासबुकात कुठंय? त्या बराच वेळ पासबुकाकडे बघत राहिल्या.

त्याच संध्याकाळी त्यांनी सगळे पैसे काढायची विनंती टाकली. उत्तर आलं : आधी नफ्यावर १८ टक्के कर भरा, मग पैसे सुटतील. आता हे प्रत्येकानं लक्षात ठेवावं. आयकर हा सरकारकडे भरायचा असतो, आपल्या पॅनवर, चलनानं. आपलेच पैसे परत देण्यासाठी जो आधी कर मागतो, त्याच्याकडे परत द्यायला काही नसतं. ॲपवर दिसणारा आकडा हा फक्त कुणीतरी टाइप केलेला आकडा होता.

पण खरा त्रास पुढेच होता. त्यांच्या खात्यावर आलेले ते ५ हजार दुसऱ्या कुणा फसलेल्या माणसाचे निघाले. त्या माणसानं त्याच्या गावी तक्रार केली, आणि तिथल्या पोलिसांच्या पत्रावरून ताईंचं खातं गोठवलं गेलं. पेन्शन त्याच खात्यावर. औषधं, लाइट बिल, सोसायटीचा मेंटेनन्स सगळं अडकलं. अर्ज, पुरावे, फोन करून खातं मोकळं व्हायला दीड महिना लागला. या काळात त्या खाली बाकावरसुद्धा येत नव्हत्या. त्यांना वाटायचं, लोक आपल्याकडे वेगळ्या नजरेनं बघतात. आज त्या इथं पहिल्या रांगेत बसल्या आहेत, याचं मला कौतुक आहे.

याच पैशाची दुसरी बाजू कॉलेजच्या मुलांसाठी. ‘तुझं खातं वापरायला दे, महिन्याला पाच-दहा हजार देतो, तुला काही करायचं नाही.’ अशी विचारणा आपल्या मुलांनाही होते. एटीएम कार्ड, सिमकार्ड घेऊन जातात. याला म्यूल खातं म्हणतात, म्हणजे ओझं वाहणारं खेचर. ताईंचे पैसे ज्या माणसाच्या नावावर गेले, तो कदाचित असाच एखादा विद्यार्थी असेल. पोलीस पहिल्यांदा येतात ते खातेदाराच्या दारात. घरातल्या मुलाच्या खात्यावर अचानक अनोळखी लाखा-दोन लाखांची ये-जा दिसली, तर त्याला ओरडण्याआधी त्याच्याबरोबर बँकेत जा.

आपल्या कोल्हापूरला हे नवीन नाही. ए. एस. ट्रेडर्स या कंपनीवर २०२२ मध्ये शाहूपुरी पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला. शेअर बाजारातून दरमहा चांगला परतावा देतो म्हणून पैसे घेतले होते, अशी गुंतवणूकदारांची तक्रार. न्यायालय काय ते ठरवील. मी फक्त गणित सांगतो. दरमहा १० टक्के, तेही व्याजावर व्याज धरून, तर १ लाखाचे वर्षात ३ लाख १४ हजार होतात आणि पाच वर्षांत ३ कोटी ४ लाख. ज्याला हे खरोखर जमतं तो तुमचे १ लाख मागायला जिना चढून कशाला येईल?

आता ज्यांना डॉलरची खरी गरज आहे त्यांच्याबद्दल. आपल्याकडे अशी घरं आहेत. शिरोलीत नाहीतर गोकुळ शिरगावात फौंड्री, कास्टिंग बाहेर जातं, पैसे तीन महिन्यांनी डॉलरमध्ये येतात. नाहीतर मुलगी बाहेर शिकतेय. (२०२५ मध्ये प्राडामुळे कोल्हापुरी चपलेचं नाव मिलानपर्यंत पोचलं. डॉलर-युरो कधी आपल्या चर्मकार बांधवांच्या खात्यावर थेट आले तर त्यांनाही हे लागेल.)

फौंड्रीवाल्यानं आपल्या बँकेकडे फॉरवर्ड करार करावा. ५० हजार डॉलर तीन महिन्यांनी येणार, तर भाव आजच पक्का करायचा. पुढे डॉलर पडला तर तुम्ही वाचलात, चढला तर तो फायदा तुमचा नाही. बरेच जण नंतर हळहळतात. पण तुमचा धंदा कास्टिंगचा आहे. याला हेजिंग म्हणतात, म्हणजे कुंपण. कुंपणाला फळं लागावीत अशी अपेक्षा नसते.

मुलीची फी पाठवणाऱ्यांनी बँकेला टीटी सेलिंग रेट विचारावा. नोटांचा भाव वेगळा आणि महाग, तारेनं पाठवण्याचा वेगळा. नेटवर दिसणारा भाव हा बँका एकमेकींना देतात तो, आपल्याला मिळतो तो त्यावर बँकेचा फरक चढवून. २० हजार डॉलरवर एका रुपयाचा फरक म्हणजे २० हजार रुपये. दोन बँकांना विचारायला लाजू नका, आणि घासाघीस करा. मीही काउंटरच्या आतून ती ऐकलेली आहे, भाव खाली येतो. आणि एक अधिकृत प्लॅटफॉर्म आहेच, एफएक्स-रिटेल. क्लिअरिंग कॉर्पोरेशनचा आहे, ऑगस्ट २०१९ पासून सुरू आहे. आपल्या बँकेमार्फत त्यावर नाव नोंदवायचं. भाव बाजाराचा दिसतो आणि बँकेचा आकार वेगळा, उघड दिसतो. बँका आपणहून त्याचं नाव काढत नाहीत. का, ते तुम्हीच ओळखा.

भाषणानंतर काही प्रश्न आले. त्यातले तीन इथे देतो.

एकानं विचारलं, पैसे गेलेच असतील तर? ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा, त्याच तासात झाला तर सर्वांत उत्तम. पैसे पुढच्या खात्यावर सरकायच्या आत अडवता येतात. मग आपली बँक आणि सायबर पोलीस. व्यवहाराचे क्रमांक, चॅट, स्क्रीनशॉट काही पुसू नका. माणसं लाजेनं आधी ग्रुपच डिलीट करतात, आणि पुरावा तिथंच संपतो. पैसे सोडवून देतो म्हणून फी मागणारा कुणी फोन करील, तो पहिल्याचाच भाऊ.

दुसरा प्रश्न मागच्या रांगेतून. “काका, बँकेतून न पाठवता क्रिप्टोनं डिपॉझिट केलं तर?” बाळा, रस्ता बदलला, पण जायचं तिथंच आहेस. उलट त्यात बँकेच्या काउंटरवर कारण विचारणारी मुलगीही नाही.

शेवटचा प्रश्न ए विंगमधल्या वहिनींचा. मुलगा अमेरिकेत नोकरीला आहे, त्यानं साठलेले डॉलर तिकडेच ठेवावेत की इकडे पाठवावेत? इकडे ठेवायचे तर दोन मार्ग. एनआरई ठेव रुपयात असते, भावाची जोखीम त्याची. एफसीएनआर ठेव डॉलरमध्येच राहते, मुदतीनंतर डॉलरच परत. त्याला पुढे परत यायचं आहे की तिकडेच राहायचं, यावर ते ठरेल. पण वहिनी, त्याचं शिक्षणाचं कर्ज अजून चालू आहे असं मागे तुम्हीच म्हणाला होतात. ते इथल्या बँकेचं, रुपयातलं आहे ना? मग त्याला सांगा, पहिले डॉलर त्यातच येऊ देत.